तक्क्याचा ताप

माझं इंग्रजी नर्सचं आहे. मद्रासला येऊन इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखाली शिकलेली पोरं परदेशात जाऊन प्रोग्राम लिहायला लागली, तरी इथं एखादं मशीन बंद पडलं की माझ्या तोंडून इंग्रजीत निघतं ते असं, की सकाळपासून गुंगीत होतं, दुपारी एकदा शुद्धीवर आलं, आता पुन्हा ग्लानी आहे. पोरं हसतात. त्यांना वाटतं साहेब गमतीनं बोलतात. मला दुसरं इंग्रजी येतच नाही.

आणि फोनवर कुणा परक्या माणसाशी बोलायचं असलं, की आधी मी हात धुतो. कोपरापर्यंत. आठवीतून शाळा सुटलेल्या माणसाला इंग्रजी बोलायच्या आधी जी भीती वाटते, ती पगार वाढला म्हणून जात नाही. हात धुतले की ती थोडी खाली बसते, एवढंच. हेही सिस्टरनंच लावलं.

सिस्टरला आम्ही सिस्टरच म्हणत होतो. सांगलीत गावभागाच्या मागच्या अंगाला, नदीकडं उतरणाऱ्या एका बोळात तिची एक लांबट खोली होती. मूळची कडेगावकडची. ऊसवाल्या घरात दिलेली, नवरा मिलिटरीत. तो गेला तेव्हा सासरच्यांनी तिला शेतात एक खोपटं देऊ केलं. ती तिथं न राहता मिरजेला दवाखान्यात फरशी पुसायला गेली, आणि फरशी पुसता पुसता नर्स झाली. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली तिचं आयुष्य गेलं. त्यामुळं तिचं इंग्रजी गोऱ्याचं आणि मराठी कडेगावचं. दोन्ही ती एकाच आवाजात बोलायची, म्हणजे खेकसायची.

खोलीत एक लोखंडी कॉट. कॉटवर पांढऱ्या चादरीखाली कुणीतरी झोपलेलं. पहिल्या दिवशी मी दारातच आवाज दाबून म्हणालो, “सिस्टर, मी नंतर येऊ का? कुणी आजारी दिसतंय.”

“आजारीच हाय,” ती म्हणाली. “म्हनून तर तुला बलिवलंय. हात धू.”

चादरीखाली तक्क्या होता. लांब, कापसाचा, दोन्ही टोकांना दोरीनं बांधलेला तक्क्या. तिची शिकवणी म्हणजे त्या तक्क्याचा रिपोर्ट द्यायचा. दवाखान्यात सकाळच्या नर्सनं दुपारच्या नर्सच्या हवाली वॉर्ड करताना जसं सगळं सांगायचं असतं, तसं. काय दिसलं? तू काय केलंस? मग काय झालं? तुला काय माहीत नाही? आणि काय राहिलं? याच क्रमानं, इंग्रजीत, कॉटच्या पायथ्याशी ताठ उभं राहून. क्रम चुकला की ती घेवड्याच्या दाण्यासारख्या वाकड्या स्टीलच्या ट्रेवर चमचा आपटायची. “अगेन! फ्रॉम द बिगिनिंग!”

मी तिच्याकडं का गेलो ते सांगायला हवं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. सांगलीच्या बाहेर एका कारखान्यात आमच्या भागातलं पहिलंवहिलं कम्प्युटर मशीन आलं होतं. गार खोलीत ठेवलेलं. आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढायच्या. सॉफ्टवेअर हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. आम्ही प्रोग्रामवाले, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन फिरणारे. माझा बाप आटपाडीकडचा, मेंढरं घेऊन वर्षातले कितीतरी महिने मुलूख फिरणारा. मेंढरांमागं माणूस कमी पडलं म्हणून आठवीत माझी शाळा सुटली, आणि पुढं दुष्काळात मेंढरंच राहिली नाहीत म्हणून एका पाहुण्यानं मला या कारखान्याच्या गोदामात चिकटवलं. गोदामातून मी कार्डांना भोकं पाडायच्या कामावर आलो. तिथून, बघून बघून, लहानसहान प्रोग्राम लिहायला लागलो.

पण मशीन मद्रासच्या कंपनीचं. अडलं की मद्रासला ट्रंक कॉल लावायचा आणि तिथल्या इंजिनियरशी इंग्रजीत बोलायचं. एकदा तो फोन माझ्या हातात आला. अख्खा कॉल मी “येस सर, येस सर” म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर आमच्या सेक्शनचे साहेब म्हणाले, “काय सांगितलं त्यांनी?”

मी म्हणालो, “त्यांनी लय सांगितलं, साहेब.”

सगळी खोली हसली. साहेब हसले नाहीत. प्रोग्रामच्या कामावर कायमची एकच जागा होती. तिच्यावर मी किंवा माने. माने मलकापूरचा, बी.एस्सी. झालेला, वाचून वाचून इंग्रजी पक्कं केलेला, घरी बागायत. साहेब म्हणाले, उन्हाळ्यात मद्रासचे इंजिनियर येतील. त्यांच्याशी तुम्ही दोघं कसं बोलता ते बघू. राहील तो राहील, दुसरा गोदामात. मानेचं काय, त्याला गोदाम नको झालं तर ऊस होता. माझ्यामागं काही नव्हतं. बाप दुसऱ्याच्या मेंढरांमागं फिरत होता आणि माझ्या पैशावर धाकट्या भावाची शाळा चालली होती. त्याचीही आठवीच होती.

मग कुणीतरी सिस्टरचं नाव सांगितलं. मी गेलो, आणि गंमत म्हणजे महिन्याभरानं मानेही आला. त्याचं इंग्रजी छापील होतं, तोंडातून बाहेर पडायला त्याला वेळ लागायचा.

फी नव्हती. तिच्या चादरी सोड्याच्या पाण्यात उकळून, पिळून, वाळत घालून द्यायच्या, ही फी. कॉट एक, त्यावर झोपलेला तक्क्या, त्याला घाम येत नाही, पण चादर आठवड्याला उकळलीच पाहिजे. माने कुरकुरायचा. “आवं सिस्टर, तक्क्याला कसला रोग हुनार?”

“रोग तक्क्याला न्हाई रं. तुमच्या हातास्नी हाय. ह्या हातानं तुमी त्या मशीनला हात लावता. तिथं चपला भाईर काढता नव्हं? मग वॉर्डच हाय की तो.”

मशीन हे पेशंटच, हे तिचं म्हणणं. बोलत नाही, नुसतं कण्हतं, आणि त्याच्याबद्दल बोलायचं ते तुम्हीच. ‘ओके’ या शब्दावर तिचा दातओठ खाण्याइतका राग होता. तक्क्या कसा आहे, विचारलं आणि आम्ही “ओके, सिस्टर” म्हणालो की संपलंच.

“ओके म्हनजे काय? ताप किती? नाडी किती? लघवी झाली का न्हाई? ओके इज नॉट अ रिपोर्ट! तुमच्या गावाकडं घरात माणूस मरायला टेकलेलं आसतंय, आन् दारात कोन आलं, ‘काय कसं काय?’ म्हनलं, की तुमी म्हनता, ‘हाय की, बरं हाय.’ माझा सासरा आसाच गेला. सगळ्यांनी डॉक्टरला बरं हाय म्हनून सांगितलं, आन् डॉक्टर च्या पिऊन गेला.”

यात ती चुकत नव्हती. आमच्याकडं तोंडावर वाईट सांगणं ही रीत नव्हे. मोठ्या माणसानं विचारलं की बरंच सांगायचं. समजलं का विचारलं की होय म्हणायचं. मग ते डॉक्टर असोत, पाटील असोत नाहीतर मद्रासचा इंजिनियर.

तिची चौथी पायरी सगळ्यात अवघड. तुला काय माहीत नाही? तिथं “आय डू नॉट नो” म्हणायचं, मोठ्यानं, मान खाली न घालता. मी मान खाली घालायचो. ती चमचा माझ्या हनुवटीखाली धरायची. मानेला तर ते वाक्य येतच नव्हतं. तो काहीतरी कारण बनवून सांगायचा, फार छान इंग्रजीत. एकदा सिस्टर म्हणाली, “मान्या, तुझं इंग्रजी लय झ्याक हाय. पन तुझा पेशंट मेला.”

मानेनं तक्क्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मग आता उचलायचा का, का उकळायचा?”

सिस्टर हसली. ती हसली की तोंडावर हात घ्यायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डावा हात घेते. चमचाही डाव्या हातानंच आपटत होती. पूर्वी उजवा होता.

दिवाळीनंतर कधीतरी तिनं खांद्यावरून शाल घ्यायला सुरुवात केली होती. थंडी होती, ठीक. पण फेब्रुवारी गेला, मार्च गेला, नदीवरून गरम वारा यायला लागला, तरी शाल. उजवा हात ती शालीच्या आत धरायची, पोटाशी, लहान मूल धरल्यासारखा. खोलीला नेहमीच दवाखान्याचा वास असायचा. तो आता जास्त यायला लागला, आणि त्याच्याखाली आणखी एक वास. मेंढरात वाढलेल्याला तो वास कळतो. जखमेत अळी पडायच्या आधीचा. मला कळला, आणि मी तो कळला नाही असं स्वतःला सांगितलं.

एकदा धीर करून म्हणालो, “सिस्टर, हाताला काय झालंय?”

“काय न्हाई. खांदा धरलाय.”

“दाखवलं का कुनाला?”

“मी आयुष्यभर दवाखान्यात हुते का तू? बरं हाय. चल, रिपोर्ट दे.”

आणि मी रिपोर्ट दिला. तक्क्याचा. ती कॉटच्या पलीकडं उभी, घामानं कपाळ भिजलेलं, शाल गळ्यापर्यंत, आणि मी इंग्रजीत सांगतोय की पेशंटला सकाळपासून ताप आहे. बाईमाणसाला, वयानं आईएवढ्या बाईला, पुढं काय विचारायचं असतं? आमच्याकडं नसतं विचारायचं.

एप्रिलच्या शेवटी शिकवणी बंद झाली. दार आतून बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, “झोपल्यात. बरं हाय.” आम्ही चादरी दाराशी ठेवून परत आलो.

त्याच आठवड्यात मद्रासचे इंजिनियर आले. सडपातळ, कपाळावर भस्माचा बारीक पट्टा, बोलणं भरभर. त्याच्या आधल्या शनिवारी पगारपत्रकांचं काम चालू असताना मशीन मधेच दोनदा थांबलं होतं. आम्ही दोन्ही वेळा सुरुवातीपासून कार्डं घातली, दुसऱ्यांदा ते चाललं. साहेबांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, “हे त्यांच्याकडं बोलायचं नाही. वरपर्यंत गेलं तर म्हणतील यांना मशीन सांभाळता येत नाही. चाललंय ना आता? विषय संपला.”

इंजिनियरनी गार खोलीत येऊन साहेबांना विचारलं, “एव्हरीथिंग ओके?”

“ऑल ओके, सर,” साहेब म्हणाले.

त्यांनी मानेकडं बघितलं. माने म्हणाला, “परफेक्टली ऑल राइट, सर.” सुंदर म्हणाला. मग ते माझ्याकडं वळले.

मला येस सर म्हणायचं होतं. तोंडात आलेलं होतं. पण मी उभा होतो तो मशीनच्या पायथ्याशी, ताठ, आणि हात धुतलेले होते. सवयीनं जीभ पुढं गेली. मी सांगितलं. शनिवारी काय दिसलं. आम्ही काय केलं. मग काय झालं. सगळं तुटक, नर्सच्या इंग्रजीत. “इट वॉज अनकॉन्शस, सर, टू टाइम्स.” इंजिनियर हसले नाहीत. “व्हाय?” म्हणाले.

“आय डू नॉट नो, सर.”

मान वर होती. तेवढं आठवतं. “अँड व्हॉट इज लेफ्ट?” ते त्यांनी विचारलं नव्हतं, पण मीच सांगितलं, की दोन खात्यांची पत्रकं अजून तपासायची राहिली आहेत, ती बरोबर आहेत का ते मला सांगता येणार नाही.

इंजिनियर बाह्या सरसावून बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाहीत. मशीनमध्ये दोष होता, तो निघाला. पत्रकांतही चुका निघाल्या. साहेबांचा चेहरा मला बघवत नव्हता. ते ओरडले नाहीत. इंजिनियर गेल्यावर फक्त म्हणाले, “सोमवारपासून गोदामात जा. तुला बोलता येतं हे कळलं. कधी गप्प बसायचं ते येत नाही.”

माने सायकल काढता काढता म्हणाला, “गड्या, एक येस म्हनायला काय जात हुतं तुझं?”

 घरी धाकट्याची शाळा, बाप, सगळं डोळ्यांपुढं. मी सायकल तशीच बोळाकडं वळवली. खोलीला कुलूप होतं. या वेळी काकूंनी “बरं हाय” म्हटलं नाही. “मिरजेला नेलंय,” म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

रविवारी चार वाजता भेटायची वेळ होती. बायकांचा वॉर्ड. ज्या वॉर्डात ती वर्षानुवर्षं उभी होती, तिथं ती आडवी होती. कडेगावहून दिराची माणसं आली होती, फळं घेऊन. पलंगाशी येणाऱ्या प्रत्येकाला ती माणसं सांगत होती, “बरं हाय आता. जेवल्या थोडं.” सिस्टर डोळे मिटून पडलेली. चादर गळ्यापर्यंत. आकार तक्क्याएवढाच राहिला होता.

मी पायथ्याशी उभा राहिलो. माझ्या बुटांचा आवाज ओळखला असेल, किंवा उभं राहणं. डोळे न उघडता म्हणाली, “रिपोर्ट.”

मरायला लागलेल्या बाईला काय सांगायचं, की तू शिकवलंस तसं बोललो आणि जागा गेली? मी म्हणालो, “ऑल ओके, सिस्टर.”

ट्रे नव्हता, चमचा नव्हता. तिनं डाव्या हाताचं एक बोट पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटलं. आवाजही नीट आला नाही.

“अगेन. फ्रॉम द बिगिनिंग.”

मी सांगितलं. पाची पायऱ्या. दिराची माणसं तोंडाकडं बघत राहिली, हे काय इंग्रजी चाललंय म्हणून. “आय डू नॉट नो”पाशी आलो तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझी हनुवटी बघितली.

“गेली जागा?”

“गेली.”

“मान्याला मिळाली?”

“व्हय.”

तिनं पुन्हा डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, “जवळ ये. आता माझा घे.”

मला आधी कळलं नाही काय घे. मग कळलं. मी पुढं वाकलो. तिनं तिचा रिपोर्ट इंग्रजीत दिला, गोऱ्याच्या इंग्रजीत, दम लागत असताना, आणि एक शब्द चुकला नाही. काय दिसलं: गाठ, उजव्या छातीत, दिवाळीच्या आधी, अंघोळीच्या वेळी. काय केलं: काही नाही. मग काय झालं: गाठ फुटली, हात सुजला, शाल घेतली. चौथ्या पायरीला ती थांबली. तिथं विचारणाऱ्यानं विचारायचं असतं. विचारणारा मी होतो.

“व्हाय डिड यू डू नथिंग, सिस्टर?”

तिनं मान उशीवरून उचलायचा प्रयत्न केला. हनुवटी थोडी वर आली.

“आय डू नॉट नो,” ती म्हणाली.

दिराच्या बायकोनं मला विचारलं, “काय म्हनत्यात?”  माझा एक प्रश्न राहिला होता आणि तो विचारल्याशिवाय रिपोर्ट संपत नसतो.

“व्हॉट इज लेफ्ट?”

ती मराठीत आली. “चादरी,” म्हणाली. “उकळायच्या राह्यल्यात. काकूकडं किल्ली हाय.”

ती बुधवारी गेली.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते तिच्यामुळं झालं आणि ती बघायला नव्हती. मी गोदामात पावसाळा काढला. धाकट्याची शाळा एक वर्ष थांबली, पण सुटली नाही. पुढच्या फेरीला ते इंजिनियर मला शोधत गोदामात आले. मद्रासच्या त्यांच्या ऑफिसात त्यांना माणूस हवा होता. म्हणाले, हुशार माणसं मला पुष्कळ मिळतात, माहीत नाही म्हणणारा मिळत नाही. मी हात धुवायला मोरी कुठं आहे ते शोधत होतो. इतकी भीती मला मेंढरांत लांडगा शिरला तेव्हाही वाटली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते चादरींचं. तिच्या तिसऱ्या दिवशी मी काकूंकडून किल्ली घेतली. खोलीत तक्क्या तसाच झोपलेला होता. त्याच्या चादरीवर पिवळट डाग होते. शेवटचे दिवस ती त्याच कॉटवर त्याच्या शेजारी झोपली असणार. कोपऱ्यात गाठोडं होतं, आम्हाला धुवायला न दिलेल्या चादरींचं. ते सोडलं आणि मला घराबाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

मी अंगणात चूल पेटवली, पातेलं चढवलं, सोडा टाकला. ओली जाड चादर एकट्याला पिळता येत नाही. मी तशीच काठीवर घेऊन उभा होतो तेव्हा बोळातून माने आला. कामावरून सरळ आलेला. त्यानं नळावर जाऊन हात धुतले, कोपरापर्यंत, आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. आम्ही उलट्या दिशांना पीळ द्यायला लागलो.

दुसरी चादर पिळताना त्यानं विचारलं, “शेवटी कशा हुत्या रं?”

“बऱ्या हु...” मी म्हणालो, आणि थांबलो.

मानेनं पीळ धरून ठेवला. पाणी त्याच्या मनगटावरून गळत होतं. तो थांबून राहिला, मान वर करून.

मग मी त्याला पहिल्यापासून सांगितलं.